अर्ध्या कानाचा स्वार

पदकाची कडी तुटली होती, काम एवढंच. रविवार पेठेत जायचं, सोनाराकडून कडी जोडून घ्यायची आणि दिवे लागायच्या आत घरी परतायचं. आनंदीनं सकाळी भाकऱ्या उरकल्या, पदक चिंधीत गुंडाळून कनवटीला लावलं आणि सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती निघाली. येणाऱ्या बाळाच्या पाळण्याला ते पदक बांधायचं, असं तिनं ठरवलं होतं. आजोबांचा हात पाळण्यावर राहील, असं आपलं वाटलं तिला.

आजोबा म्हणजे आनंदीचे वडील, तिचे आबा. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. शुक्रवार पेठेत सगळे त्यांना दत्तोबा म्हणत. एका सरदाराच्या देवडीवर वीस वर्षं पहारा केलेला माणूस. उंच, ताठ, उजवा कान अर्धा तुटलेला. गाव कोणतं, बापाचं नाव काय, कूळ कोणतं, कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच, तर गळ्यातलं ते रुप्याचं पदक दोन बोटांत धरून म्हणत, "सरकारातून मिळालंय, पराक्रमाबद्दल." पदकावर घोडा, घोड्यावर तलवार उगारलेला स्वार. कसला पराक्रम, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पदक पुन्हा अंगरख्याआड सारायचे आणि गप्प बसायचे.

आणखी एक होतं. आबा कधीही, स्वतःच्या घरातसुद्धा, न विचारता शिरले नाहीत. देवडीवरून परतले की उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि हळूच विचारायचं, "येऊ का?" आतून आईनं "या" म्हटलं, की मग पाऊल उचलायचं. आनंदी चार वर्षांची असताना एकदा आई तापानं ग्लानीत पडली होती. माघातली थंडी. पहाटे आनंदीला जाग आली, तर दार सताड उघडं आणि आबा बाहेर तसेच उभे. किती वेळचे, देव जाणे. ती डोळे चोळत "या" म्हणाली, तेव्हा ते आत आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. हात गार होता. थंडीच तेवढी होती.

दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा जाताना तिनं जावयाला, जयसिंगला, जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली. "हे दारात आले की 'या' म्हणत जा. आणि आनंदी आली की 'ये' म्हणत जा. विसरू नका."

"तुमच्या घराण्याला घरात यायलासुद्धा अक्षत लागते," जयसिंग पुढे चिडवायचा. आबा लेकीकडे राहायला आले होते, म्हणजे दिवसातून दोनदा-तीनदा हे ठरलेलंच. पण म्हणायचा नेमानं. हातात काम असो, तोंडात घास असो, दाराकडे न बघता तो "या" नाहीतर "ये" म्हणून मोकळा व्हायचा. जीभच वळली होती त्याची.

आता आबा गेले होते. आणि तरी...

दहाव्याला नदीवर गुरुजींनी विचारलं होतं, "मृताचं नाव? बापाचं नाव? कूळ?" आनंदी "दत्तोबा" म्हणाली आणि पुढे गप्प. गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. "नुसत्या दत्तोबाला पिंड दिला, तर तो कुठल्या दत्तोबाला पोचायचा, बाई? या पेठेतच दहा आहेत." तरी त्यांनी उरकलं.

तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सरकारवाड्यावरची सांजेची नौबत झडून थांबली होती. आनंदी देवापाशी वात लावत होती. आणि दाराबाहेरून आवाज आला.

"येऊ का...?"

हळू. अवघडल्यासारखा. त्याच्यामागून ओली पानं जाळल्यासारखा धुराचा वास आला. आबांच्या अंगाला कधीकधी हाच वास यायचा; लहानपणी तिला वाटायचं, सगळ्याच बापांच्या अंगाला येत असेल.

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मेलेल्याला "या" म्हणायचं नसतं. तो एकटा परत जात नाही, हे कुठलीही म्हातारी सांगेल. आणि तिच्या पोटात तर... याआधी दोनदा तिचे दिवस पुरे भरले होते. दोन्ही वेळा बाळ ऐन वेळी अडलं, आणि सुईणीनं हातात घेतलं तेव्हा त्यात धुगधुगी नव्हती. दोन्ही मुठेकाठच्या वाळूत ठेवून आले होते. हे तिसरं. हेही गेलं तर आपण काही उरत नाही, हे आनंदीला पक्कं माहीत होतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो आवाज यायचा. जयसिंग पागेतून घरी यायचा तो पुरता अंधार पडल्यावर, त्यामुळे त्याच्या कानावर काही पडलं नाही. तिनं सांगून बघितलं, तर म्हणाला, "पोटुशीला काय काय ऐकू येतं." ती रोज त्या वेळी पदर तोंडात कोंबून बसायची. बाप दारात उभा, आणि लेक आत कडी लावून बसलेली. भीती होतीच; पण भीतीपेक्षा हेच जास्त लागायचं. आबांचं खरं नाव, कूळ मिळालं, तर त्यांना नीट वाटेला लावता येईल, आणि मग हे बाळ तरी रडत जन्माला येईल, एवढ्या आशेवर ती दिवस काढत होती. पण विचारायचं कोणाला? आबांनी मागे ठेवलं होतं ते एक पदक.

सोनाराचं दुकान म्हणजे त्याच्या घराचीच ओसरी. म्हातारा सोनार शेगडी फुंकत बसला होता. आनंदी पायरीशी थांबली.

"येऊ का, काका?"

"देवळात जाताना देवालाही विचारतेस वाटतं? ये. बस."

तिनं चिंधी सोडली. त्यानं पदक डोळ्यांजवळ नेलं, उजेडात तिरकं धरलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"हे पदक आहे असं कोण म्हणालं तुला?"

"आबा. सरकारातून मिळालंय म्हणत..."

"सरकार असली पदकं वाटायला लागलं, तर सरकारचं काही खरं नाही." तो हसला नाही. "पोरी, हा टाक आहे. घरातला पुरुष गेला, की त्याचा टाक करून देवात बसवतात, तो. मागून कोणीतरी त्याला कडी लावली, तीसुद्धा अडाण्यानं."

आनंदी पुढे सरकली.

"आणि हा माझ्या बापाच्या हातचा आहे," तो म्हणाला. "घोड्याचं शेपूट असं उभं दुसरं कोणी काढत नसे. मला आठवतोय हा टाक. टाकावर कधी कोणाचा चेहरा नसतो, सगळे स्वार सारखेच. पण ती बाई म्हणाली, ह्यांचा उजवा कान अर्धा होता, तसा दाखवा. नाहीतर मी दुसऱ्याच कोणाला फूल वाहतेय असं वाटेल. मी इथंच बसून भाता मारत होतो. बिबवेवाडीची बाई. नवरा पानपतात गेलेला. बारा वर्षं वाट बघून मग आली होती. त्यालाही आता वीस-एकवीस वर्षं झाली असतील."

आनंदीनं टाक हातात घेतला. जन्मापासून तिनं तो स्वार बघितला होता. त्याची तलवार बघितली होती, घोडा बघितला होता. कानाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. उजवा कान वरून अर्धाच होता.

"काका... ज्याचा टाक केलाय, तो माणूस... जिवंत असू शकतो?"

"जिवंत माणसाचं श्राद्ध घालतात का?" म्हाताऱ्यानं पुन्हा फुंकणी उचलली. "ही कडी मी जोडणार नाही. गळ्यात मिरवायची वस्तू नव्हे ती. ज्यांची आहे, त्यांच्या देवात नेऊन ठेव."

घरी परतेपर्यंत सावल्या लांबल्या होत्या. कुलूप काढून तिनं दार उघडलं, आत अंधारलेलं. एकटीनं आत जायला पाय धजेना, म्हणून ती ओट्यावरच बसली. नौबत झडली, थांबली. आणि ओल्या धुराचा वास आला. या वेळी दाराच्या पलीकडून नाही. तिच्या अगदी शेजारून, खांद्यापाशी.

"येऊ का...?"

तिला विचारलेलं नव्हतं ते. रिकाम्या घराला विचारलेलं होतं. आत उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. ती आणि ते, दोघंही उंबऱ्याबाहेर, घराकडे तोंड करून, किती वेळ तसेच होते कोणास ठाऊक. मग वास हळूहळू विरला. जयसिंग आला, तेव्हा ती तिथंच गारठून बसलेली होती.

"ओट्याला पाहुणी आलीय वाटतं," म्हणत तो आत गेला, दिवा लावला आणि म्हणाला, "ये."

जेवताना त्यानं टाक उलटापालटा करून बघितला. "म्हणजे मामंजी स्वतःच्याच श्राद्धाचं ताट गळ्यात घालून फिरत होते," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून मवाळला. "परवा पागेचा कडबा आणायला मला बिबवेवाडीलाच जायचंय. गाडीत पुढे बस. तुला तिथं सोडतो, सांजेला घेऊन येतो." मग घास चावत म्हणाला, "मला मात्र एक कोडं सुटलं नाही. साठीला टेकलेला माणूस, आणि मिशीत एक पांढरा केस नाही. कलप आणायचे कुठून, तेवढं सांगून गेले असते तर बरं झालं असतं."

बिबवेवाडीत घर शोधायला वेळ लागला नाही. "पानपतवाल्याची सोजरबाई" म्हटल्यावर एका माणसानं लांबूनच बोट दाखवलं. मातीचं बसकं घर, शेणानं सारवलेलं अंगण. जयसिंगची गाडी पुढे खळ्याकडे गेली. आनंदी दाराशी आली. आत पन्नाशीची एक बाई सुपात ज्वारी घेऊन बसली होती. गळ्यात काळे मणी होते, कपाळ मोकळं होतं. आनंदी थबकली. सवाशीण म्हणावी की विधवा, कळेना.

"येऊ का?"

सूप हातातच थांबलं. बाईनं मान वर केली नाही. ज्वारीचे दाणे तेवढे सुपाच्या कडेनं एकेक खाली पडत राहिले.

"कोन हाय?" बऱ्याच वेळानं ती म्हणाली. मग वर बघितलं, आनंदीचं पोट बघितलं. "बाईमानूस हाय व्हय. ये, ये माय."

आनंदीनं चिंधी तिच्यापुढे सोडली. सोजरबाईनं हात लावला नाही.

"कुठनं आनलास ह्यो?"

"माझ्या वडिलांच्या गळ्यात होता. दीड महिन्यापूर्वी गेले ते."

"गेले," सोजरबाई म्हणाली. नुसती त्या शब्दाची चव बघितल्यासारखं. "कान?"

"उजवा. अर्धा."

सोजरबाईनं सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यांना हातांची मिठी घातली. सांगताना ती आनंदीकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती.

"पानपताला गेले, तवा पोरगं माझ्या पोटात व्हतं. वरसानं संगतीचा गडी आला. म्हनला, वयनी, माझ्या मांडीवर जीव सोडला, म्याच पानी पाजलं. म्या त्याला हाकलला. म्हनलं, हाडं दाव. हाडं कुठली आनतोय त्यो... बारा वरसं कुकू लावलं. मग भाऊबंदांनी ऐकलं न्हाई. पळसाच्या पानांचा मानूस केला, त्याला न्हाऊ घातलं, आन जाळला. ओली पानं, माय. लई धूर झाला. दोन दिस घरातनं वास जाईना."

आनंदीला आपल्या नाकाशी पदर धरावासा वाटला.

"टाक केला. देवात बसवला. तिसऱ्या दिशी दिवं लागताना म्या देवाम्होरं व्हते. दारात आवाज आला... येऊ का? वळून बघते तर उभे. काळी मिशी, अर्धा कान. गेले तसेच. माझ्या हातात दिवा, पाठीमागं देवात त्यांचाच टाक, त्यावर ताजं फूल. माझ्याकडं बघत न्हवते ते. टाकाकडं बघत व्हते."

"मग तुम्ही..."

"दीर म्हनला, भूत हाय. चुलता म्हनला, तोतया हाय. भटजीनं मागनं सांगितलं, जित्या मानसाचे दिस घातले तर त्याला फिरून जल्माला घालायचा विधी हाय; तुपानं न्हाऊ घालायचं, पाळन्यात ठेवायचं, बारसं करायचं. पर त्याच्या आदी कुनीतरी 'या' म्हनाया पायजे का नको? माझं पोरगं बारा वरसांचं, माझ्या पदराला धरून उभं. म्या म्हनलं, भूत असलं तर ह्येला घिऊन जाईल." ती थांबली. "म्या दार लावलं. त्यांच्या तोंडावर लावलं, माय. रागावले न्हाईत. एक पाऊल मागं झाले, कवाड लागाया जागा व्हावी म्हनून."

बाहेर उन्हं उतरली होती.

"सकाळी बघते तर देवात टाक न्हाई. कडी आतनं लावलेली, तशीच. तवापासनं रोज सांजंला दार उघडं ठिवते. आदी बारा वरसं वाट बघितली, ती वाट बघनं न्हवंच. मागनं एकवीस बघितली ती." तिनं डोळे पुसले नाहीत. "तुझ्या आईनं 'या' म्हनलं असंल."

"हो. रोज म्हणायची."

"चांगली व्हती." मग एकदम तिनं विचारलं, "म्हातारे झाले व्हते का गं? केस पिकले व्हते?"

आनंदीनं "हो" म्हणायला तोंड उघडलं. आणि तिला जयसिंगची ती कलपाची थट्टा आठवली. आबांची मिशी आठवली. ती चार वर्षांची असतानाची, आणि दीड महिन्यापूर्वी तिरडीवरची.

"नाही..." ती म्हणाली.

"दात?"

"सगळे होते..."

सोजरबाईनं सावकाश मान हलवली. "गेले तसेच." मग तिनं आनंदीकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. आधी तोंडाकडे, मग पोटाकडे, मग पुन्हा तोंडाकडे. काहीतरी विचारायचं तिच्या ओठांवर आलं. ते तिनं गिळलं.

"त्यांचं नाव काय होतं?" आनंदीनं विचारलं. "पिंडाला नाव लागतं. मला बापाचं नाव माहीत नाही हो."

"बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं व्हय," सोजरबाई म्हणाली आणि किंचित हसली. उठली, देवापाशी गेली, आणि दिव्याची वात पुढे केली.

तेव्हाच बाहेरचं पाखरांचं ओरडणं थांबलं. वास आधी आला. ओल्या पानांचा, धुराचा.

"येऊ का...?"

दार उघडं होतं. बाहेर अंगण, अंगणापलीकडे सांज. कोणी नव्हतं. आनंदी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पोटावर धरून बसली. सोजरबाईनं दिवा उचलला. ती दारापर्यंत गेली. उंबऱ्याच्या आत उभी राहिली. एकवीस वर्षं तोंडात धरलेला शब्द, तो सहजी कसा सुटावा.

"म्हाळोजी," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. "या. घर तुमचं हाय."

दिव्याची ज्योत आतल्या बाजूला आडवी झाली. कोणी जवळून गेल्यावर होते, तशी. मग सरळ झाली. वास आनंदीच्या अंगावरून गेला, देवापाशी जाऊन थांबला, आणि तिथंच संपला. सोजरबाईनं चिंधीवरचा टाक उचलला, हात एकदम मागे घेतला, पुन्हा उचलला.

"ऊन लागतोय," ती म्हणाली. "अंगातनं काढल्यावानी."

तिनं तो देवात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते आनंदीला बघवलं नाही. बाहेर जयसिंगची हाक आली.

पेठेत पोचेपर्यंत अंधार पडला. जयसिंग बैल सोडायला थांबला. आनंदीनं कुलूप काढलं, दार ढकललं. आत आता भ्यायचं काही नव्हतं. आबा त्यांच्या घरी गेले होते, नाव मिळालं होतं. तिनं पाऊल उचललं.

उचललं नाही. उचलता आलं नाही.

तिला वाटलं, गाडीत बसून पायाला मुंग्या आल्या असतील. तिनं पुन्हा बघितलं. पाय जड नव्हता, दुखत नव्हता. फक्त उंबऱ्यावरून पुढे जात नव्हता. आणि मग ती आठवू लागली. आई असताना आईनं म्हटलेलं "ये". जयसिंगचं "ये". शेजारणींकडे, देवडीवर, सोनाराकडे, आज सोजरबाईकडे... आजवर कुठल्याही दारातून ती न बोलावता आत गेली होती का? एक तरी दार? त्या दिवशी ओट्यावर ती भीतीनं बसली होती, असंच तिला वाटलं होतं.

"उभी का?" मागून जयसिंग म्हणाला. "ये म्हणायला आधी मला तरी आत जाऊ दे." तो तिला ओलांडून गेला, आणि आतून, काळोखातून, नेहमीसारखा म्हणाला, "ये."

पाय उचलला गेला.

तिनं त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

पुढच्या अवसेला नदीवर म्हाळोजींच्या नावानं पिंड दिला. दारातला आवाज पुन्हा आला नाही. आणि दोन महिन्यांनी, एका सकाळी, तिला कळा सुरू झाल्या.

दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण घामाघूम झाली होती. "पुन्हा तसंच गं बाई," ती शेजारणीला हळू म्हणाली, पण आनंदीनं ऐकलं. "पार दाराशी आलंय आणि अडून बसलंय. पुढे येतच नाही."

दाराशी आलंय.

आनंदीच्या कळा चालूच होत्या, पण तिच्या आत सगळं एकदम शांत झालं. मागच्या दोन्ही वेळा ती आईच्या नावानं ओरडली होती, देवाच्या नावानं ओरडली होती. दात आवळून सोसलं होतं. बाळाशी मात्र ती एक शब्द बोलली नव्हती.

"ये," ती म्हणाली. "ये बाळा... ये. घर तुझंच आहे."

मुलगी झाली. आली ती रडतच आली. सुईण हसली, शेजारणीनं थाळी वाजवली. बाहेर जयसिंगनं कोणाला तरी मोठ्यानं काही सांगितलं. आनंदीनं ते ऊनऊन गाठोडं छातीशी धरलं आणि रडू लागली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. तिला आधीची ती दोन बाळं आठवत होती. आपल्या दारात येऊन उभी राहिलेली. किती वाट बघितली असेल त्यांनी एका शब्दाची. आणि मग एकेक पाऊल मागं झाली असतील, दार लागायला जागा व्हावी म्हणून.

बारशाच्या दिवशी जयसिंग पागेत गेला नाही. पाळणा बांधला, घुगऱ्या वाटल्या, बायका आल्या नि गेल्या. सांज झाली. जयसिंग पुढच्या सोप्यात खोगिराला तेल चोळत बसला होता. आनंदी आतल्या खोलीत, पाळण्याची दोरी हातात धरून. मुलगी झोपली होती. सरकारवाड्यावर नौबत झडली आणि थांबली.

"येऊ का?"

बारीक आवाज. दारातून.

"ये," खाली मान घालून जयसिंग म्हणाला.

थोडा वेळ गेला.

"येऊ का...?" पुन्हा. तसाच, पण तोच नव्हे.

"ये म्हटलं ना. ये." खोगिरावर हात चालूच होता त्याचा. "आज दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर चाललंय तुझं. बाळंतिणीनं जरा टेकावं."

आनंदीला हाक मारायची होती. मी इथं आहे, मी बाहेर गेलेलीच नाही, असं सांगायचं होतं. खोलीत ओल्या वाळूचा वास येऊ लागला, नदीकाठच्या. तिनं दाराकडे बघितलं. दारात काही नव्हतं. मुलगी झोपेतच एका कडेला सरकली, जागा केल्यासारखी.

तिच्या हातातली दोरी ताठ झाली. पाळण्याच्या कड्या वर तुळईला कुरकुरल्या.

एका हातानं आता पाळणा हलेना. आनंदीनं दोरी दोन्ही हातांत धरली, आणि ओढली.